डोळ्यांची ती रेघ: साठच्या दशकातल्या नायिकेचा मेकअप घरी करताना

साधना, शर्मिला टागोर, आशा पारेख, सायरा बानो, नंदा. साठच्या दशकातल्या हिंदी सिनेमातल्या यांपैकी कुणाचाही चेहरा आठवा. साडी कुठली होती, गाणं कुठलं होतं हे नंतर सुचतं. आधी दिसतात ते डोळे, जाड काळ्या रेघेने कानाकडे ओढून नेलेले. लग्नातलं संगीत, कॉलेजचं गॅदरिंग, जुन्या गाण्यांचा कार्यक्रम किंवा फोटोशूट यासाठी हा मेकअप हल्ली पुष्कळ जणी करतात आणि बहुतेक वेळा तो एकाच ठिकाणी फसतो. आजचा मेकअप अख्खा करायचा, गालांची हाडं गडद रंगाने कोरायची, नाकाच्या शेंड्यावर चमक लावायची, ओठ भरून रंगवायचे आणि शेवटी आयलायनरची शेपटी काढायची. अशाने चेहरा आजचाच राहतो. त्या काळच्या मेकअपमध्ये सगळा मान डोळ्यांना होता. बाकीच्या चेहऱ्याने गप्प बसायचं, हा त्याचा कायदा. पुढची प्रत्येक पायरी याच कायद्याने चालते, त्यामुळे काय लावायचं याच्याइतकंच काय लावायचं नाही हेही सांगत जाईन.

थोडं मागचं सांगते, कारण त्यातूनच पुढच्या गोष्टींची कारणं कळतात. हिंदी सिनेमा साठच्या दशकात झपाट्याने रंगीत झाला. स्टुडिओतले दिवे प्रखर आणि तापणारे असत, त्यामुळे चेहऱ्यावरचा थर टिकाऊ आणि बिनचमकीचा लागे. हॉलिवूडच्या मॅक्स फॅक्टर कंपनीने १९३० च्या दशकात टेक्निकलर पद्धतीच्या रंगीत चित्रपटांसाठी पॅनकेक तयार केला होता, म्हणजे ओल्या स्पंजने लावायची दाबलेली वडी. पॅनकेक आणि त्याच्यानंतर आलेली पॅनस्टिक यांनी जगभरातल्या स्टुडिओंचा चेहरा ठरवला, मुंबईचाही. ही कामं करणारे मेकअपदादा बरेचसे मराठी होते. पंढरीदादा जुकर यांचं नाव आजही या धंद्यात आदराने घेतलं जातं. बायकांना मात्र मुंबईच्या सिनेमात मेकअप कलाकार म्हणून ओळखपत्रच मिळत नसे. त्यांनी केस करायचे, चेहरा पुरुषांनी रंगवायचा, अशी वाटणी होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ती मोडीत काढली. घरगुती बाजूला पाहिलं तर तेव्हा टाटांच्या असलेल्या लॅक्मेची सुरुवात १९५२ ची. म्हणजे पडद्यावर दिसणारं सौंदर्य साठच्या दशकात मध्यमवर्गीय घरातल्या आरशापर्यंत येऊ शकत होतं. आपल्या आज्या-मावश्यांच्या कृष्णधवल फोटोंत ती रेघ दिसते ती त्यामुळेच.

आधी साल ठरवा

'साठचं दशक' हा एक चेहरा नाही. पहिल्या तीन-चार वर्षांत पन्नासच्या दशकाची सावली होती: रेघ तुलनेने बारीक, ओठ लालसर किंवा पोवळ्याच्या रंगाचे, भुवई भरगच्च. १९६५ नंतर लंडनची हवा आली. लंडनची मॉडेल ट्विगी हिचा चेहरा १९६६ मध्ये ब्रिटनमध्ये गाजला आणि फिके ओठ, खोट्या पापण्या, डोळ्याच्या खोबणीत काढलेली रेघ हे सगळं जगभर पसरलं. मुंबईने त्यातलं हवं तेवढंच घेतलं. ट्विगीचे डोळे गोल, बाहुलीसारखे दिसतील असे रंगवलेले असत. मुंबईची नायिका डोळा लांब करत होती. तिची रेघ आडवी, बाहेर पळणारी. हा फरक पक्का लक्षात ठेवा, कारण इंटरनेटवरचे 'सिक्स्टीज मेकअप'चे बहुतेक व्हिडिओ लंडनच्या चेहऱ्याचे आहेत.

मग एक चेहरा निवडा, आपल्या चेहऱ्याच्या ठेवणीशी जुळणारा. कपाळ मोठं असेल तर साधना. १९६० च्या 'लव्ह इन शिमला'साठी तिचे पुढचे केस कापले गेले ते रुंद कपाळ झाकायलाच. हॉलिवूडची नटी ऑड्री हेपबर्न हिच्यावरून घेतलेला तो कट पुढे तिच्याच नावाने ओळखला गेला. गाल भरलेले आणि डोळे मोठे असतील तर शर्मिला टागोर. गोल, साधा चेहरा असेल तर मास्टर विनायकांची मुलगी नंदा. आणि हे सगळं फार होतंय असं वाटत असेल तर नूतनकडे बघा: रेघ आहे, पण हलकी, आणि चेहरा जवळपास मोकळा. पन्नाशीपुढच्या मैत्रिणींना मी हाच चेहरा सुचवते.

नमुन्याचे फोटो निवडताना एक काळजी घ्या. ईस्टमनकलर या त्या काळच्या रंगीत फिल्मच्या जुन्या प्रिंटमधले निळे-हिरवे रंग कालांतराने उडतात आणि चित्र गुलाबी-तांबूस पडतं. यूट्यूबवरच्या जुन्या गाण्यात गाल आणि ओठ भडक गुलाबी दिसतात, त्यातला बराचसा गुलाबी रंग मेकअपचा नसून उडालेल्या प्रिंटचा असतो. हाताने रंगवलेली पोस्टरंही रंगासाठी पुरावा धरू नका. आकार कृष्णधवल फोटोंवरून घ्या, रंग नीट दुरुस्त केलेल्या प्रिंटवरून.

सामान

यातलं बरंच तुमच्याकडे असेल. चमक नसलेलं फाउंडेशन किंवा स्टिक (नाटक-सिनेमाच्या सामानाच्या दुकानात बर्लिनच्या क्रायोलन कंपनीची पेंट स्टिक मिळते, ती दाट असते, कणभर पुरते), सुटी पावडर आणि मऊ पफ, भुवयांसाठी गडद तपकिरी पेन्सिल, फिकट बिनचमकीची आयशॅडो आणि एक मध्यम तपकिरी, काळं आयलायनर, पांढरट किंवा त्वचेच्या रंगाची डोळ्यांची पेन्सिल, मस्कारा, खोट्या पापण्यांची एक जोडी व गोंद, पीच रंगाचा ब्लश, लिपस्टिक. शिवाय कापसाच्या काड्या, एक बारीक सपाट ब्रश आणि टिशू. कापसाच्या काड्या मूठभर ठेवा, या मेकअपमध्ये त्यांचं काम ब्रशइतकंच आहे.

आयलायनर कुठलं घ्यायचं यावर थोडं थांबू. त्या काळी काळ्या रंगाची वडी ओल्या ब्रशने घोळून रेघ काढत. आजही वडीचं लायनर मिळतं आणि तेच मला सर्वांत आवडतं, कारण पाण्याने पुसता येतं, थर वाढवता येतो आणि सुकल्यावर ते चमकत नाही. पण घामाला टिकत नाही. मुंबईच्या किंवा कोकण-गोव्याच्या दमट हवेत जेल लायनर घ्या. पेनासारखं लायनर शेपटीचं टोक काढायला उत्तम, मात्र भरीव रेघेला ते विरळ पडतं. चकचकीत, प्लास्टिकसारखं सुकणारं लायनर टाळाच. काजळाने ही रेघ काढू नका. काजळ मऊ, ते पसरतं आणि शेपटीला धार येत नाही.

आजीच्या कपाटातली जुनी डबी, लिपस्टिक, सुरमा यांतलं काहीही चेहऱ्याला लावू नका. डबी फोटोत हातात धरायला सुंदर, आतला माल मात्र खराब झालेला असणार. पारंपरिक सुरम्यात शिसं असू शकतं, तो तर डोळ्यांजवळ नकोच. पापण्यांचा गोंद आणि नवं फाउंडेशन आदल्या दिवशी हाताच्या आतल्या बाजूला लावून बघा. लेटेक्सची अॅलर्जी असेल तर लेटेक्सविरहित गोंद मागून घ्या.

पहिल्यांदा करताना केसांसकट दोन तास हाताशी ठेवा. आणि केस आधी बांधून, गुंडाळून ठेवा. ते फुगवण्याचं काम मेकअपनंतर. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर मेकअप सुरू करण्याआधीच घाला.

चेहरा: सपाट, शांत, बिनचमकीचा

चेहरा धुवा, हलकं मॉइश्चरायझर लावा आणि दहा मिनिटं थांबा. हे थांबणं टाळलं की बेस, म्हणजे फाउंडेशनचा थर, घसरतो.

बेसचा रंग जबड्याच्या कडेला लावून, खिडकीच्या उजेडात ठरवा. इथे मी त्या काळाची नक्कल करू नका असं स्पष्ट सांगेन. त्या काळी नायिकांना त्यांच्या मूळ रंगापेक्षा दोन-दोन छटा उजळ रंगवत आणि वर गुलाबी झाक देत. सावळ्या, गव्हाळ त्वचेवर तो बेस राखेसारखा दिसतो आणि मानेशी तुटतो. या चेहऱ्याची ओळख गोरेपणात नाही, रेघेत आहे. आपल्याच रंगाचा बेस, पिवळसर किंवा सोनेरी झाक असलेला, आणि वर ती काळी रेघ, हे गडद त्वचेवर जास्त देखणं दिसतं.

स्पंज ओला करून घट्ट पिळा. बेस नाकाच्या दोन्ही बाजूंनी सुरू करून बाहेरच्या दिशेने थापत न्या, ओढू नका. पातळ थर लावा, गरज वाटली तिथेच दुसरा. डोळ्यांखालचं काळं झाका, पण डोळ्यांखाली उजळ त्रिकोण काढायची आजची पद्धत इथे नको. पापण्यांवर आणि ओठांवरही बेसचा अगदी पातळ हात फिरवा. कान आणि गळा विसरू नका, केस वर जाणार असल्याने दोन्ही दिसतात.

आता पावडर. पफवर घ्या, पफ हातावर चोळून पावडर आत मुरवा आणि चेहऱ्यावर दाबत चला. दोन मिनिटांनी मोठ्या ब्रशने जादाची झटका. मग तोच ओला, पिळलेला स्पंज चेहऱ्यावर हलकेच दाबून घ्या. पावडरचा कोरडेपणा जातो आणि बेस व पावडर एकजीव होतात. फ्लॅशचे फोटो काढायचे असतील तर 'एचडी' म्हणून मिळणारी पांढरी सिलिका पावडर वापरू नका, फ्लॅशमध्ये तिचे पांढरे डाग उठतात. एक फोटो फ्लॅशने काढून आत्ताच तपासा.

गालांवर पीच रंगाचा ब्लश, गालाच्या हाडाच्या किंचित खालून कानाकडे, फक्त जाणवेल इतका. बस. इथे हात आवरला तर पुढचं सगळं उठून दिसेल.

भुवया

आजच्या वर ब्रश केलेल्या, पिसासारख्या भुवया या चेहऱ्यावर चालत नाहीत. त्या काळची भुवई नाकाकडे जाड, मग कमान आणि शेवटी लांब निमुळती होत गेलेली, कडा स्वच्छ. पेन्सिल नाकपुडीच्या बाजूला उभी धरा. ती डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावरून जिथे पोचते तिथे सुरुवात. सरळ समोर बघताना बुबुळाच्या बाहेरच्या कडेच्या वर कमानीचं टोक. शेपटी नेहमीपेक्षा अर्धा सेंटिमीटर लांब न्या, पण खाली वाकवू नका. खाली गेलेली भुवई लायनरची शेपटी दाबून टाकते.

केसांच्या दिशेने बारीक फटकारे मारत भरा आणि स्वच्छ ब्रशने एकदा विंचरा. एका संध्याकाळसाठी भुवया कोरायची गरज नाही. खालच्या कडेला कंसीलरची (डाग झाकायच्या दाट क्रीमची) बारीक रेघ ओढून ती मिसळली की कडा आपोआप धारदार होते.

डोळा: इथे वेळ घाला

पापणीवर फिकट, बिनचमकीची शॅडो: साय, हस्तिदंती किंवा दशकाच्या उत्तरार्धाचा चेहरा हवा असेल तर अगदी फिका निळा-हिरवा. गडद त्वचेवर शुभ्र पांढरा रंग खडूसारखा दिसतो. आपल्या रंगापेक्षा दोन छटा उजळ असा पीच किंवा वाळूचा रंग घ्या.

तपकिरी शॅडो बारीक ब्रशवर घेऊन, डोळा उघडा ठेवून, पापणीच्या घडीच्या किंचित वर, हाडाखालच्या खोबणीत कमान काढा. सुरुवात बाहेरून, आत येताना हात हलका. लंडनच्या चेहऱ्यात ही रेघ स्पष्ट ठेवतात, मुंबईच्या चेहऱ्यात ती विरघळवतात. लांबून फक्त डोळा खोल वाटला पाहिजे, रेघ दिसता कामा नये.

आता ती रेघ.

आरसा डोळ्यांच्या पातळीवर ठेवा, टेबलावर कोपर टेकवा, करंगळी गालावर. मान सरळ, नजर समोर, डोळे उघडे. पापणी बोटाने बाहेर ताणून रेघ काढायची सवय बहुतेकींना असते, ती सोडा. ताणलेल्या पापणीवर सरळ दिसणारी रेघ बोट सोडल्यावर लाटेसारखी होते.

सर्वांत आधी शेपटीचं टोक ठरवायचं. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून सहा ते आठ मिलिमीटर बाहेर, आणि कोपऱ्यापेक्षा जेमतेम दोन मिलिमीटर वर एक ठिपका द्या. दुसऱ्या डोळ्यालाही लगेच ठिपका द्या आणि आरशापासून हातभर मागे सरकून दोन्ही ठिपके एका पातळीत आहेत का ते बघा. आजची 'कॅट आय' शेपटी भुवईच्या टोकाकडे चढते. आपल्याला ती नको आहे. ही शेपटी कानाच्या वरच्या टोकाकडे, जवळजवळ आडवी जाते. एवढा एक कोन बरोबर आला की साल बदलतं.

मग ठिपक्यापासून पापणीच्या बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत रेघ आणा. त्यानंतर पापणीच्या मध्यापासून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत, केसांच्या मुळाशी चिकटून, छोटे छोटे तुकडे जोडत जा. शेवटी आतला भाग, कोपऱ्यात केसाइतका बारीक. आता जाडी वाढवा: बुबुळाच्या मध्यापासून बाहेर जाताना रेघ जाड होत गेली पाहिजे आणि सर्वांत जाड जागा डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर. तिथून पुढे टोकाकडे निमुळती. दोन्ही डोळ्यांचं काम बरोबरीने पुढे न्या. एक पूर्ण करून दुसरा करायला गेलात तर दोन्ही सारखे होत नाहीत.

कड धारदार करायची युक्ती अशी: कापसाच्या काडीला थोडं मेकअप रिमूव्हर लावून टिशूवर टिपा आणि शेपटीच्या खालून, टोकाकडे, एकाच फटक्यात ओढा. मग सपाट ब्रशने तिथे किंचित कंसीलर. सिनेमातल्या शेपट्यांना सुरीसारखी धार दिसते ती अशी पुसून आलेली असते, एका झटक्यात काढलेली नसते.

खालच्या पापणीत खरी मेख आहे. आपल्याकडे डोळ्याच्या आतल्या ओल्या कडेला काजळ घालण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची. पण वर जाड रेघ असताना आत काजळ भरलं की डोळा चारही बाजूंनी बंद होतो आणि लहान दिसतो. आतल्या कडेला पांढरट पेन्सिल फिरवा. काळी रेघ खालच्या केसांच्या मुळाखाली, फक्त बाहेरच्या अर्ध्या भागात काढा आणि ती वरच्या शेपटीला मिळवू नका. दोन रेघा समांतर बाहेर जाऊ द्या, खालची आखूड. मधल्या फटीत पांढरट पेन्सिलचा एक हलका हात. डोळा तिथे संपत नाही, पुढे चाललाच आहे, असा भास त्या फटीने होतो. दशकाच्या उत्तरार्धातल्या जवळून घेतलेल्या फोटोंत ही फट शोधून बघा.

डोळ्यांची ठेवण वेगळी असेल तर थोडे बदल करा. पापणीची घडी झाकणारे डोळे असतील, किंवा वयाने पापणी उतरली असेल, तर डोळा मिटून काढलेली शेपटी उघडल्यावर घडीत अडकून तुटते. तेव्हा डोळा उघडा ठेवूनच घडीवरून सरळ रेघ न्या आणि डोळा मिटल्यावर दिसणारी खाच नंतर भरून टाका. मिटलेल्या डोळ्यावर आकार चमत्कारिक वाटेल. उघडल्यावर बरोबर दिसेल. सुरकुतलेल्या पापणीवर ब्रश ओढू नका, जेल लायनर टेकवत-टेकवत न्या. चष्मा मायनस नंबरचा असेल तर काचेमागे डोळे लहान दिसतात, रेघ बिनधास्त जाड ठेवा. प्लस नंबरच्या काचेमागे ती आपसूक मोठी दिसते, म्हणून बारीक आणि जास्त नीटस हवी.

पापण्यांचे केस

मस्काराचा एक हात आधी. खोट्या पापण्यांची पट्टी डोळ्यावर धरून मापा आणि जादा भाग बाहेरच्या टोकाकडून कापा. माझा आग्रह अर्ध्या पट्टीचा: पट्टी मधोमध कापून बाहेरचा तुकडाच लावायचा. डोळा लांब दिसतो, आतल्या कोपऱ्यात टोचत नाही, आणि पहिल्यांदा लावणारीलाही जमतं. गोंद लावल्यावर अर्धा मिनिट थांबा, तो चिकट झाला की मगच टेकवा. बाहेरचं टोक लायनरच्या दिशेने किंचित वर ठेवा. सुकल्यावर पट्टीच्या मुळाशी लायनर पुन्हा एकदा फिरवून जोड लपवा. खालच्या पापण्यांना मस्कारा नावापुरता.

ओठ

दशकाचा पूर्वार्ध: पोवळ्याचा रंग, किंवा नारिंगीकडे झुकणारा लाल. उत्तरार्ध: फिका गुलाबी, पीच. फिका गुलाबी गव्हाळ आणि सावळ्या ओठांवर आजारी दिसतो, म्हणून तपकिरी झाक असलेला पीच किंवा मळका गुलाबी घ्या. कसोटी एकच: आरशात नजर आधी डोळ्यांवर जाते की ओठांवर? ओठांवर गेली तर रंग बदला.

वरच्या ओठाची मधली खाच टोकदार न ठेवता गोलसर करा. लिपस्टिक लावा, टिशूत ओठ दाबा, वर पावडरचा हलका हात, पुन्हा लिपस्टिक. ग्लॉस नको. फोटो कृष्णधवल करणार असाल तर फोनवरच आधी तपासा: गडद लाल तिथे जवळजवळ काळा दिसतो आणि ओठ डोळ्यांशी भांडायला लागतात. मध्यम पोवळी रंग तिथे बरोबर बसतो.

टिकली आणि केस

आधुनिक तरुणीच्या भूमिकेतली नायिका बरेचदा कपाळ मोकळं ठेवायची. साडीचा चेहरा असेल तर बारीक गोल टिकली, किंवा ओल्या गंधाने काडीने काढलेला लांबट थेंब. मोठं ठसठशीत कुंकू वेगळ्या चेहऱ्याचं. इथे ते रेघेवरचं लक्ष काढून घेतं.

केसांचा फुगा नसेल तर हा मेकअप अर्धवट दिसतो. केस आदल्या दिवशी धुतलेले बरे, ताजे धुतलेले घसरतात. तेल अजिबात नको. डोक्याच्या माथ्यावरचे केस तीन-चार थरांत उचला. प्रत्येक थर ताठ वर धरून बारीक दातांच्या कंगव्याने टोकाकडून मुळाकडे दाबत आणा, मुळाशी गादी तयार होईपर्यंत. सर्वांत पुढचा थर तसाच सुटा ठेवा, तो वरून मऊ विंचरून गादी झाकायला लागतो. केस विरळ असतील तर आत गंगावनाची गुंडाळी ठेवून आकड्यांनी पक्की करा. उंची हवी माथ्यावर मागच्या बाजूला. कपाळाशी उंच केलेला फुगा फार नंतरच्या काळातला वाटतो. हेअर स्प्रे हातभर अंतरावरून, चेहरा टिशूने झाकून.

मागे सैल अंबाडा किंवा खांद्यावर सोडलेले, टोकाशी बाहेर वळवलेले केस. कानासमोर एक बारीक बट सोडून ती जेलने गालाकडे वळवा. साधना कटसाठी खरे केस कापायची घाई नको, क्लिपवाली झुलपं मिळतात. ती भुवईच्या वर संपली पाहिजेत, नाहीतर मेहनतीने काढलेल्या भुवया झाकल्या जातील. कानात लोंबते डूल घालायचे असतील तर गळा रिकामा ठेवा.

टिकवणं आणि उतरवणं

घाम आला तर पुसू नका, टिशू दाबून टिपा आणि मगच पावडर. पर्समध्ये टिशू, पफ, कापसाच्या दोन काड्या आणि पापण्यांचा गोंद असू द्या. रडू येण्याचा प्रसंग असेल, उदाहरणार्थ पाठवणी, तर वरची रेघ वॉटरप्रूफ जेलनेच काढा आणि खालची पूर्णपणे गाळा.

रात्री उतरवताना लेन्स आधी काढा. कापसाच्या बोळ्यावर खोबरेल तेल किंवा क्लीन्झिंग ऑइल घेऊन मिटलेल्या डोळ्यावर अर्धा मिनिट नुसतं धरून ठेवा. पट्टी सैल होते. मग ती बाहेरच्या टोकाकडून आत, हळू सोडवा. ओढलीत तर स्वतःच्या पापण्यांचे केसही बरोबर येतात. चेहऱ्यावरचा दाट बेस तेलाने एकदा आणि फेसवॉशने एकदा, असा दोनदा धुवा. केसांतला गुंता ओला करू नका. आधी कंडिशनर किंवा थोडं तेल लावून टोकांकडून बोटांनी सोडवत वर या, कंगवा त्यानंतर. खोट्या पापण्यांच्या पट्टीवरचा गोंद चिमटीने सोलून काढला आणि ती डबीत वाकलेल्या आकारातच ठेवली, तर पुढच्या तीन-चार कार्यक्रमांना सहज चालते.